फळ्याकडे तोंड, वर्गाकडे पाठ : नववीचे गणित आणि माझा छात्रसेवाकाळ

कळव्याची_छात्राध्यापिका | २ डिसेंबर, रात्री १०.१५

मी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. महाविद्यालय ठाण्यात, घर कळव्यात आणि छात्रसेवाकाळासाठी, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावासाठी, मिळालेली शाळा कोपरखैरण्यात, त्यामुळे रोज सकाळी ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडते. दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली आणि मग कोपरखैरणे, एवढ्या प्रवासात पाठाचे टाचण दोनदा वाचून होते. ऐरोलीपर्यंत सगळे तोंडपाठ असते आणि घणसोली गेले की पहिले वाक्यसुद्धा आठवत नाही.

वर्ग नववीचा, सेमी-इंग्रजीचा, पटावर ६२ मुले. गणित भाग दोनमधील त्रिकोणमितीचे प्रकरण माझ्याकडे दिले आहे. विषय मला येत नाही असे नाही, बी.एस्सी. गणितातच केले आहे आणि हे प्रकरण झोपेतही सोडवता येईल. तरीही मागच्या आठवड्यातील पहिल्या पाठात ३५ मिनिटांच्या तासिकेचा मजकूर मी १९ मिनिटांत संपवला. जवळजवळ सगळा वेळ फळ्याकडे तोंड करून बोलत होते. मध्येच "समजले का?" असे विचारले की मागून "हो, बाई" असा एकसुरी आवाज येत होता आणि तो ऐकला की मी आणखी भरभर पुढे जात होते.

त्या घाईतच टॅन थीटाचे गुणोत्तर मी उलटे लिहिले, म्हणजे वर लगतची बाजू आणि खाली संमुख (कोनासमोरची) बाजू. पहिल्या बाकावरील मुलीने हळूच विचारले, "बाई, हे उलटे झाले का?" मी डस्टर न शोधता हातानेच ते पुसले आणि "तेच लिहिणार होते" असे म्हणाले. वर्ग हसला नाही. हसला असता तर बरे झाले असते असे मला आजही वाटते, कारण त्या शांततेत सगळ्यांना सगळे कळले होते.

निरीक्षणवहीत शेरा मिळाला तो असा : "फलकलेखन सुबक. विद्यार्थी सहभाग अल्प. आत्मविश्वास वाढवावा." पहिली दोन वाक्ये मला मान्य आहेत. तिसऱ्याविषयी येथील अनुभवी मंडळींना विचारायचे आहे. आत्मविश्वास वाढवावा म्हणजे उद्या सकाळी दुसऱ्या तासिकेला वर्गात पाऊल टाकल्यावर मी नेमके काय करावे?

घणसोलीचा_छात्र | २ डिसेंबर, रात्री ११.०२

ताई, मीही याच नावेत आहे, फक्त माझा वर्ग आठवीचा आहे. मला यात सूक्ष्म अध्यापनाचाही थोडा दोष दिसतो. सहा मिनिटे पाठ, सहा मिनिटे प्रत्याभरण (पाठावरचे अभिप्राय), १२ मिनिटे पुनर्नियोजन आणि पुन्हा सहा-सहा मिनिटे, अशी ३६ मिनिटांची ती फेरी आपण सगळ्यांनी केली. त्या वेळी समोर विद्यार्थी म्हणून बसलेले आपलेच वर्गमित्र असत. आमच्या गटात कोणीही मुद्दाम चुकीचे उत्तर देत नसे, कारण पुढच्या फेरीत फळ्यापुढे त्याचीच पाळी असे. वर्षभर बरोबर उत्तरे ऐकण्याचा सराव झाला आणि खऱ्या वर्गात पहिले चुकीचे उत्तर आल्यावर मी त्या मुलाकडे पाहून नुसता मान डोलावत राहिलो. तुमच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नाही, पण येणारी उत्तरे मीही वाचणार आहे.

नौपाड्याचे_मास्तर | ३ डिसेंबर, सकाळी ६.४०

ताई, आपला शेवटचा प्रश्न अगदी रास्त आहे. मी ठाण्यात ३१ वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवले आणि त्यातील निदान दहा वर्षे छात्राध्यापकांचे पाठ पाहिले. "आत्मविश्वास वाढवावा" हा शेरा मीसुद्धा अनेकांच्या वहीत लिहिला आहे. लिहिताना आपण काहीतरी मोलाचे सांगितले असे वाटत असे. आज कोणी त्याचा अर्थ विचारला तर माझी पंचाईत होईल.

आमच्या वेळी बी.एड. एका वर्षाचे होते. सराव पाठ उरकले की थेट नोकरी, आणि जे शिकायचे ते पहिल्या दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या जिवावर. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला आणि शाळेत किमान २० आठवडे काढणे आवश्यक ठरले, त्यांपैकी १६ दुसऱ्या वर्षी. एक पाठ पडला म्हणून खचून जाण्याइतकी आपली वेळ संपलेली नाही.

आता उद्याच्या तासिकेविषयी. टाचणात शिक्षककृती आणि विद्यार्थीकृती असे दोन रकाने असतात. पहिला रकाना आपण मन लावून भरतो आणि दुसऱ्यात सगळेजण सर्रास खोटे लिहितो : "विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात", "विद्यार्थी उत्तर देतात", "विद्यार्थी वहीत लिहून घेतात". आज रात्री तो दुसरा रकाना खरा भरा. आपण विचारणार असलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे मुले कोणते चुकीचे उत्तर देतील आणि ते कोणत्या वाटेने काढतील, हे लिहून ठेवा. निम्मे अंदाज चुकतील, त्याची चिंता करू नका. ज्या चुकीची आपण वाट पाहत असतो ती समोर आली की ओळखीचा माणूस भेटल्यासारखे वाटते आणि जी चूक अचानक येते तिच्यापुढे माझ्यासारख्या जुन्या माणसाचेही पाय लटपटतात.

"समजले का?" हा प्रश्न आजपासून बंद करा. त्याला "हो, बाई" याखेरीज दुसरे उत्तर नाही. त्याऐवजी एक छोटे उदाहरण द्या आणि बाकांमधून फिरा. फिरताना बोलू नका, वह्या पाहा.

आणि प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतील संभाषणांची ध्वनिमुद्रणे तपासून दाखवून दिले की शिक्षक प्रश्न विचारल्यानंतर सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात, आणि तोच अवकाश तीन सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरे लांब होतात व "माहीत नाही" म्हणणे कमी होते. तीन सेकंद ऐकायला थोडे वाटतात, पण ६२ चेहऱ्यांसमोर ते फार मोठे होतात. मी मनात "बे एके बे" पासून "बे चोक आठ" पर्यंत म्हणत असे. तेवढ्यात बहुधा एखादा हात वर येतो.

फळ्यावरील चुकीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तेथेच आपल्याला जास्त लागलेले दिसते. १९८८ साली, माझ्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी, एका मुलाने मला विचारले की ऋण म्हणजे कर्ज, मग ऋण गुणिले ऋण धन कसे होते, कर्जाला कर्जाने गुणून माणूस श्रीमंत होतो का? मी म्हणालो, "नियम आहे, लिहून घे." तो बसला आणि वर्षभर त्याने पुन्हा प्रश्न विचारला नाही. इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने धन आणि ऋण हेच शब्द वापरून हे नियम मांडले होते, आणि मुलगा नेमके त्या शब्दांचे बोट धरून विचारत होता. पाच रुपयांची तीन कर्जे कोणी माफ केली तर आपण १५ रुपयांनी वर येतो, कारण कर्ज काढून टाकणे म्हणजे मिळकतच, एवढे सांगता आले असते. मला ते सुचायला कितीतरी दिवस लागले आणि सुचल्यावरही वर्गात जाऊन सांगण्याचे धैर्य झाले नाही. म्हणून सांगतो, चूक झाली तर ती पुसू नका. तिच्यावर एक तिरकी रेघ मारून ती तशीच राहू द्या, बाजूला बरोबर लिहा आणि चूक दाखवणाऱ्यालाच कारण विचारा. उत्तर येत नसेल तर "उद्या सांगते" म्हणा आणि दुसऱ्या दिवशी हजेरी झाल्याबरोबर, दुसरे काहीही सुरू करण्यापूर्वी, ते सांगा.

रबाळेकर | ३ डिसेंबर, दुपारी १.२०

मास्तरांविषयी आदर राखून थोडे वेगळे मत मांडतो. मी रबाळ्यात खाजगी शिकवणी घेतो. चुकांचा अंदाज, तीन सेकंदांची शांतता हे सगळे ऐकायला चांगले आहे, परंतु हीच मुले पुढच्या वर्षी दहावीला बसतील, तेव्हा गणित भाग एक आणि भाग दोन या प्रत्येकी ४० गुणांच्या उत्तरपत्रिकांत शांततेला गुण नाहीत. छात्राध्यापिकेच्या हाती मोजक्याच तासिका असतात. प्रत्येक चुकीपाशी थांबत बसले तर प्रकरण पूर्ण कधी होणार? माझ्या अनुभवाने आत्मविश्वास उदाहरणे पाठ असण्यातून येतो. सरावसंचातील प्रत्येक उदाहरण दहा वेळा सोडवा, हात आपोआप चालेल आणि भीती आपोआप जाईल.

दुसरे असे की वर्गातील निम्मी मुले हे प्रकरण शिकवणीत आधीच करून आलेली असतात. त्यांना शाळेत पुन्हा "का" विचारलेले आवडत नाही.

नौपाड्याचे_मास्तर | ३ डिसेंबर, दुपारी ४.०५

रबाळेकर, उदाहरणे आदल्या रात्री स्वतःच्या हाताने सोडवावीत याबद्दल वाद नाही; मी ३१ वर्षांनंतरही सोडवत होतो. परंतु या ताईंना उदाहरणे येत होती, झोपेतही येत होती असे त्यांनीच लिहिले आहे, आणि तरीही टॅन उलटा पडला. हात आपोआप चालत होता म्हणूनच पडला.

आपल्या दुसऱ्या मुद्द्यात मात्र आपण नकळत मोठी गोष्ट सांगून गेलात. शिकवणीला जाणारी मुले पहिल्या सेकंदाला उत्तर देऊन टाकतात आणि शिक्षकाला वाटते की वर्गाला आले. तो "हो, बाई" चा आवाज बहुधा त्यांचाच असतो. ज्या घरी शिकवणीची फी परवडत नाही तेथील मुलांसाठी शाळेची तासिका ही एकच जागा उरते.

ऐरोलीची_एमएड | ३ डिसेंबर, रात्री ९.३०

एक पुस्तकी भर घालते. माणसाचा स्वतःच्या क्षमतेवरचा विश्वास कशातून घडतो याविषयी अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये चार स्रोत सांगितले : स्वतः केलेले काम यशस्वी होणे, आपल्यासारख्याच दुसऱ्या कोणाला ते जमताना पाहणे, कोणीतरी शब्दांनी धीर देणे आणि त्या क्षणीची शरीराची व मनाची अवस्था. यांत सर्वांत बळकट पहिला. "आत्मविश्वास वाढवावा" या शेऱ्यात तिसऱ्या क्रमांकाचा धीरसुद्धा नाही, ती नुसती आज्ञा आहे. त्यामुळे ताई, सगळा पाठ जिंकण्याचा विचार सोडून ३५ मिनिटांतील एखादीच पाच मिनिटांची जागा निवडा आणि ती मनासारखी करून दाखवा. शक्य झाल्यास आपल्याच तुकडीतील एखाद्या छात्राध्यापकाचा पाठ मागच्या बाकावर बसून पाहा. मुरलेल्या शिक्षकाचा पाठ पाहून मला नेहमी दडपणच यायचे. बरोबरीच्या मैत्रिणीला जमलेले पाहिले की आपल्यालाही जमेल असे वाटायचे.

कोपरखैरणे_पालक | ४ डिसेंबर, रात्री ८.५०

मी शिक्षक नाही. माथाडी कामगार आहे, तुर्भ्याच्या बाजारात कांदा-बटाटा विभागात काम करतो. माझी मुलगी आमच्या भागातील एका शाळेत नववीत आहे. आमची तक्रार अशी की पहिल्या सहामाहीपासून तिच्या वर्गावर तीन छात्रशिक्षक येऊन गेले. एकाची ओळख होते तोवर दुसरे येतात आणि मुले म्हणतात की या बाईही जाणारच आहेत, मग कशाला लक्ष द्या. आपण सगळे शिक्षकांच्या भीतीविषयी लिहीत आहात म्हणून हेही लिहिले. मुलेही नवीन माणसाला घाबरतात. माझी मुलगी घरी गोण्यांचा हिशेब माझ्याआधी तोंडी करते, ५० किलोच्या ३७ गोण्या म्हणजे किती हे मी बोटे मोडेपर्यंत सांगते, पण वर्गात हात वर करत नाही. का, म्हणून विचारले तर म्हणते की चुकले तर बाई काय म्हणतील ते माहीत नाही.

कळव्याची_छात्राध्यापिका | ४ डिसेंबर, रात्री ११.४०

दादा, आपण लिहिलेले मी दोनदा वाचले. माझ्या वर्गातही एक अशी मुलगी आहे, कदाचित अशा दहा असतील. मी माझ्याच भीतीत इतकी गुंतले होते की समोरचे ६२ जण मला परीक्षक वाटत होते. त्यांनाही मी परीक्षक वाटत असेन हे ध्यानात आले नव्हते.

उद्याच्या टाचणात दुसरा रकाना खरा भरला आहे. सात चुका लिहिल्या आहेत.

कळव्याची_छात्राध्यापिका | ११ डिसेंबर, रात्री ९.१०

मास्तर आणि इतर सर्वांना कळवण्यासारखे काही घडले आहे म्हणून सविस्तर लिहिते.

आजच्या तासिकेत गुणोत्तरे काढण्याआधी कर्ण काढायचा होता. काटकोन करणाऱ्या बाजू तीन आणि चार, एवढेच फळ्यावर लिहून मी वर्गाकडे वळले आणि बाकांमधून फिरू लागले. शिकवणीला जाणाऱ्या दोघांनी "पाच!" असे ओरडून टाकले. मागच्या आठवड्यात मी तेथेच "शाबास" म्हणून पुढे गेले असते. या वेळी "कोणाचे वेगळे उत्तर आले आहे?" असे विचारले आणि मनात बेचा पाढा सुरू केला. "बे त्रिक सहा" ला मला घाम फुटला होता. "बे चोक आठ" झाले तरी हात नाही. पुन्हा पहिल्यापासून म्हटला. तेव्हा चौथ्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, माझे सात आले."

काही मुले हसली. मला मात्र, खरे सांगते, आनंद झाला, कारण सात हे उत्तर माझ्या रकान्यात दुसऱ्या क्रमांकावर लिहिलेले होते. कसे काढले असे विचारल्यावर तो म्हणाला, "तीनचा वर्ग अधिक चारचा वर्ग, त्यावर वर्गमूळ. वर्ग आणि वर्गमूळ कट झाले. तीन अधिक चार सात." त्याची वही मी हातात घेतली. एकेक पायरी नीट मांडलेली, रेघा पट्टीने मारलेल्या आणि दोन्ही घातांकांवर कट झाल्याच्या बारीक तिरप्या काट्या. हा मुलगा आळशी नव्हता. जे चिन्ह दिसेल ते कट करायचे हे त्याला कोणीतरी चांगले शिकवले होते आणि बेरीज मध्ये आली की कट करता येत नाही, हे सांगायचे राहून गेले होते.

नऊ अधिक सोळा पंचवीस, त्याचे वर्गमूळ पाच, असे फळ्यावर करून दाखवण्याचा मोह झाला होता. त्याऐवजी मी खिडकीकडे गेले. आमच्या शाळेचे मैदान तेथून दिसते. मी विचारले, "मधल्या सुटीत फाटकातून पाण्याच्या नळाकडे जाताना तुम्ही भिंतीच्या कडेकडेने जाता की मैदानातून तिरके जाता?" सगळे म्हणाले, "तिरके." का? "जवळ पडते." मग मी त्या मुलाला म्हणाले, "कडेकडेने तीन आणि चार, म्हणजे सात. तुझ्या उत्तराप्रमाणे तिरकेही सातच. मग तुम्ही सगळे मैदानातून का जाता?" तो थोडा वेळ वहीकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "मग ते सातपेक्षा कमी पाहिजे, बाई." पाच आहे हे अजून त्याने मानले नव्हते. सात नाही, एवढे त्याने स्वतः काढले होते.

यानंतर जे झाले ते माझ्या टाचणात कुठेही नव्हते. खिडकीजवळचा एक मुलगा उठला आणि म्हणाला की त्याचे वडील गवंडीकाम करतात व खोलीचा कोपरा काटकोनात आहे का हे पाहण्यासाठी एका भिंतीवर तीन फुटांची खूण करतात, दुसरीवर चार फुटांची, आणि तिरके माप पाच फूट भरले तर कोपरा गुण्यात आहे असे म्हणतात. कंपासपेटीतला गुण्या बाहेर काढून त्याने तो उंच धरून दाखवला. ६२ मुलांचा वर्ग मी पहिल्यांदाच इतका शांत पाहिला. पंधरा मिनिटे गेली आणि गुणोत्तरांची नियोजित तीन उदाहरणे झालीच नाहीत, एकच झाले. रबाळेकर, आपण म्हणालात त्याप्रमाणे मी मागे पडले आहे हे मला मान्य आहे.

तास संपल्यावर लक्षात आले की त्या पंधरा मिनिटांत मी फळ्याकडे एकदाही वळले नव्हते. माझा आवाज कसा येत आहे, साडी नीट आहे का, मागे निरीक्षक काय लिहीत आहेत, यांतले काहीही मनात आले नाही.

वाशीची_नवशिक्षिका | ११ डिसेंबर, रात्री १०.२५

वाचून फार बरे वाटले. माझी अडचण थोडी निराळी आहे. माझे स्वतःचे शिक्षण बारावीपर्यंत मराठी माध्यमात झाले. सेमी-इंग्रजीच्या वर्गात गणित शिकवताना विषय येतो पण संज्ञा जिभेवर येत नाहीत. लसावि म्हणून जाते आणि मुले विचारतात की एलसीएम का? संमुख बाजूला ऑपोझिट साइड म्हणताना मी क्षणभर अडखळते आणि तेवढ्यात मुलांना वाटते की बाईंना गणितच येत नाही.

कळव्याची_छात्राध्यापिका | ११ डिसेंबर, रात्री १०.५०

हे माझेही होत होते. मी फळ्याच्या डाव्या कडेला दोन बोटे रुंद पट्टी आखून ठेवते आणि तासिका सुरू होण्यापूर्वीच त्या दिवसाच्या संज्ञा दोन्ही भाषांत लिहिते : कर्ण – हायपोटेन्यूज, संमुख बाजू – ऑपोझिट साइड, लगतची बाजू – ॲडजेसंट साइड. अडखळले तर मान किंचित वळवली की शब्द समोर असतो, आणि मुलांनाही कळते की बाई दोन्ही भाषा उघडपणे वापरतात. बोलताना मी दोन्ही शब्द जोडीने म्हणते. कर्ण म्हटल्यावर एकाने "महाभारतातला का?" असे विचारले होते. मी म्हणाले, "नाव तेच, पण हा काटकोनाच्या समोर उभा असतो." त्या दिवसानंतर कर्ण कोणता हे त्या वर्गात कोणी चुकलेले नाही.

रबाळेकर | १२ डिसेंबर, सकाळी ७.१५

माझा आक्षेप मी पूर्णपणे मागे घेत नाही. तीन उदाहरणांऐवजी एकच झाले ही उणीव उणीवच आहे आणि ती कोठेतरी भरून काढावी लागेल. तथापि, वर्ग आणि वर्गमूळ "कट" होण्याची चूक माझ्याकडील दहावीच्या मुलांतही मी वर्षानुवर्षे पाहतो आणि दरवेळी लाल शाईने खोडून बरोबर उत्तर लिहून देतो. ती चूक पुढच्या चाचणीत तशीच परत येते. मैदानाचा प्रश्न मी आज सायंकाळच्या तुकडीत विचारून पाहणार आहे.

घणसोलीचा_छात्र | १२ डिसेंबर, दुपारी २.००

आमच्या गटात आता एक नियम केला आहे. एकमेकांचे पाठ ऐकताना निदान दोघांनी मुद्दाम चुकीचे उत्तर द्यायचे आणि तेही मुलांच्या वहीत खरोखर सापडलेले. आठवीच्या वह्यांतून मी चार दिवसांत ११ गोळा केली. कंसाच्या वर्गात मधले पद गाळणारे एकट्या माझ्या वर्गात २३ जण निघाले. काल माझ्याच मित्राने मला (अ + ब)² = अ² + ब² असे छातीठोकपणे सांगितले. मी त्याला अ तीन आणि ब चार घ्यायला लावले. एकीकडे ४९ आले आणि दुसरीकडे २५, आणि तो मुकाट्याने खाली बसला.

नौपाड्याचे_मास्तर | १२ डिसेंबर, रात्री ८.३०

ताई, एकच विचारतो. मैदानाचे उदाहरण तोंडी राहिले की मुलांनी प्रत्यक्ष मोजले? ज्याचे सात आले होते त्याला पाच अजून पटलेले नाही असे आपणच लिहिले आहे. त्याचे देणे अजून आपल्याकडे बाकी आहे.

कळव्याची_छात्राध्यापिका | १८ डिसेंबर, रात्री ९.५५

मास्तर, आज मोजले. क्रीडाशिक्षकांकडून लांब टेप मागून घेतला आणि मधल्या सुटीतली दहा मिनिटे त्यात घातली, म्हणजे रबाळेकरांचा वेळ खर्च झाला नाही. फाटकाजवळच्या कोपऱ्यापासून एका भिंतीला तीन मीटरवर आणि दुसऱ्या भिंतीला चार मीटरवर खडूने खुणा केल्या. टेपचे एक टोक मी सात उत्तर आलेल्या मुलाच्या हातात दिले आणि दुसरे त्या पहिल्या बाकावरच्या मुलीच्या, जिने माझा टॅन पकडला होता.

तिरके माप आले पाच मीटर आठ सेंटिमीटर.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. रकान्यात हे नव्हते. महिन्यापूर्वी मी "मोजण्यात थोडी चूक होते" असे म्हणून विषय संपवला असता. मी म्हणाले, "मला आत्ता सांगता येत नाही. पुन्हा मोजू." पुन्हा मोजले तरी पाच मीटर आठच. तेव्हा गवंड्याचा मुलगा कोपऱ्यापाशी उकिडवा बसला, दोन्ही भिंतींवरून नजर फिरवली आणि म्हणाला, "बाई, आपले बरोबर आहे. शाळेचा कोपराच गुण्यात नाही."

वर्गात परतल्यावर त्याच मापांचा त्रिकोण मुलांनी वहीत प्रमाणात काढला आणि कोनमापकाने कोन मोजला. बहुतेकांचा ९२ अंशांच्या आसपास आला. सात उत्तर आलेल्या मुलाने खाली लिहिले आहे : कोपरा सरळ असता तर पाच.